दहा पिंजऱ्यांमागे एक

नगरपालिकेचा नियम असा होता की श्वानगृहाची तपासणी करताना दहा पिंजऱ्यांमागे एक पिंजरा उघडून बघावा, आणि तो कोणता, हे मालकाने दाखवावं. नियम करणारे लोक मूर्ख होते असं नाही. त्यांच्यापैकी दोघांची स्वतःची श्वानगृहं होती.

पुढे ती त्यांनी विकली, आणि एका कुत्र्यांच्या जुन्या व्यापाऱ्याने घेतली. त्या व्यापाऱ्याला दोन मुली आणि दोन जावई. मरताना त्याने एकेक श्वानगृह एकेका मुलीला दिलं. मागे एक कुत्री उरली, ती दोघींत मिळून ठेवली. अशा रीतीने दोघे साडू धंद्याला लागले. थोरला राखणीचे कुत्रे तयार करून विकायचा. धाकटा गावाला जाणाऱ्या लोकांची कुत्री सांभाळायचा, म्हणजे लोक परत येईपर्यंत ती बहुतेक वेळा जिवंत असत.

सामाईक कुत्रीचं नाव मामी. रंगाने पिवळट, अंगाने जाड, कान कायम पडलेले. ती कधी कुणावर भुंकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. एकदा धाकट्याकडे चोर शिरला, तर तिने त्यालाही पुढचा पाय दिला, आणि चोराने तो घेतला म्हणतात. राखणीला निरुपयोगी, पिल्लांना म्हातारी. पण तपासणीला तिच्यासारखी दुसरी नव्हती. तपासणी ठरली की तिला आंघोळ घालायची, टेंपोत चढवायची आणि तिच्याबरोबर एक पिंजराही चढवायचा. लांबीरुंदी नियमात बसणारा, कडी नवी, तळाचा पत्रा पुसलेला असा दोन्ही श्वानगृहांत मिळून तो एकच पिंजरा होता. तपासणी ज्याच्याकडे, मामी आणि पिंजरा त्याच्याकडे. इतर बाबतींत दोघे साडू एकमेकांचं तोंड बघत नसत, पण टेंपो मात्र वेळेवर यायचा.

आता परवाना निरीक्षकांविषयी. गावातली न्हाव्याची दुकानं, बेकऱ्या, तबेले, पक्ष्यांची दुकानं, सगळ्यांचे परवाने त्यांच्या सहीने चालत. कमरेला लोखंडी फीत असलेला टेप कायम, म्हणून माणसं समोर त्यांना साहेब म्हणायची आणि पाठीमागे टेप. वरच्या समोरच्या दोन दातांच्या जागी त्यांना चांगली रुंद फट होती. एका तबेल्याच्या तपासणीत खेचराने लाथ घातली होती. साहेबांनी तोंडावर रुमाल धरून अहवाल पुरा केला: जनावर सशक्त. नवे दात बसवायचा खर्च नगरपालिकेने नाकारला, कारण खेचर परवान्यावरचं होतं.

दोन्हीकडे तीच कुत्री दिसते, हे साहेबांना कळत होतं का? साहेबांना डोळे होते. एवढंच नाही, तपासणीच्या दिवशी त्यांच्या खिशात बिस्किटं असायची. ते अंगणात शिरून कमरेचा टेप खर्रकन ओढायचे, आणि तो आवाज ऐकला की मामी जिथे असेल तिथून उठून पिंजऱ्यात जाऊन बसायची आणि पाय पुढे करायची. साहेब तो पाय हातात घेऊन थोडा वेळ उभे राहायचे. नोकरीत त्यांच्यापुढे हात पुढे झाले ते एक तर काही द्यायला नाही तर काही मागायला. मामीही बिस्किटच मागत होती म्हणा, पण ते मिळालं नाही तरी पाय मागे घेत नव्हती. शेऱ्यात ते लिहायचे: जनावर समाधानी.

भिंतीपलीकडचे बाकीचे नऊ पिंजरे त्यांनी कधी पाहिले नाहीत. नियमात ते नव्हतं. एकदा थोरल्याकडे पलीकडून कुत्र्याची किंकाळी आली आणि मधेच तुटली. थोरला म्हणाला, रेडिओ लागलाय. साहेबांनी विचारलं, कुठलं स्टेशन? दोघेही हसले. मग साहेबांनी टेप गुंडाळला.

भिंतीपलीकडे थोरल्याची शिकवणी चाले. राखणीचा कुत्रा तयार करायची त्याची रीत साधी होती: एक दिवस काठी, एक दिवस उपास, आणि सुट्टीच्या दिवशी दोन्ही. जो कुत्रा शेवटी काठीच धरायला शिकला तो विकायला तयार. जो शेपूट घालायचा त्याला शेजारच्या पिंजऱ्यात ढकलायचा, की शेजाऱ्याचाही अभ्यास व्हावा. नऊ दारांना नऊ कड्या घेण्याऐवजी थोरल्याने एक लांब सळई घेतली होती. ती सगळ्या दारांच्या कोयंड्यांतून ओवली की नऊही दारं एकदम बंद. या युक्तीचा त्याला अभिमान होता आणि धाकट्याला हेवा.

तर एके दिवशी विजेचा मीटर वाचणारा थोरल्याच्या मागच्या अंगणात गेला. तिथे एक कुत्रा साखळीला होता. मीटरवाल्याने साखळीची लांबी नजरेने मोजली आणि थोडी कमी मोजली. कुत्र्याने त्याची पोटरी घेतली. पोटरी म्हणजे पोटरीचा चावा नव्हे, पोटरी. लोकांनी ती पिशवीत घालून माणसाबरोबर दवाखान्यात पाठवली, पण डॉक्टर म्हणाले, आता तिचा काही उपयोग नाही. तोपर्यंत थोरल्याने आपण जबाबदार व्यावसायिक आहोत हे दाखवण्यासाठी जमलेल्या लोकांसमोर त्या कुत्र्याला शेण ओढायच्या फावड्याने ठेचलं. सात-आठ घाव लागले. बघणाऱ्यांपैकी दोघांना तिथेच उलटी झाली आणि बाकीच्यांनी वर्तमानपत्राला फोन केला.

परवाना समितीच्या सभापतींना वर्तमानपत्र आवडायचं, पण स्वतःचा फोटो असलेलं. त्यांनी हुकूम काढला: दोन्ही श्वानगृहांची तपासणी एकाच दिवशी, एकाच वेळी. थोरल्याकडे निरीक्षकांनी जायचं, धाकट्याकडे पशुवैद्य बाईंनी. बाई नव्या होत्या, त्यामुळे त्यांना अजून खरंच बघायची सवय होती. तपासणी अचानक व्हायची होती. अचानक होणाऱ्या सगळ्या गोष्टी शिपाई दोन दिवस आधी संबंधितांना कळवत असे, तशी हीही त्याने कळवली.

एक मामी, एक पिंजरा आणि दोन साडू.

साहेब त्या सकाळी ठरल्या वेळेच्या बरेच आधी निघाले. खिशात बिस्किटं होती आणि मामीशी दोन शब्द बोलावेत असं मनात होतं. ते थोरल्याच्या फाटकात पोचले तेव्हा धाकट्याचा टेंपो अंगणात उभा होता, टेंपोत चढवायला जमिनीवरच्या पिंजऱ्याला दोर बांधलेला होता, आणि मामीचा पट्टा थोरल्याच्या हातात तर मागचे पाय धाकट्याच्या. मामी मधे लांब झाली होती. ती भुंकत नव्हती. दोघांकडे आळीपाळीने बघत होती, आणि कुणाला पाय द्यावा ते तिला कळत नसावं.

"गेल्या खेपेला तुमच्याकडे होती," धाकटा म्हणत होता. "आता माझा नंबर."

"नंबर दवाखान्यात असतो," थोरला म्हणाला. "आणि आज तुझा तिथेच लागणार आहे."

मग दोघांना साहेब दिसले. दोघांनी एकदम कुत्री सोडली. थोरला म्हणाला, या साहेब, साडूभाऊ मदतीला आलेत. धाकटा म्हणाला, हो, आम्ही असं एकमेकांना धरूनच असतो. साहेबांनी आकाशाकडे बघितलं आणि आज ऊन बरं आहे असं म्हटलं. एवढ्यावर भागलं असतं. पण धाकट्याच्या मनात आलं की थोरला साहेबांसमोर काही करणार नाही, आणि तो मामीला उचलून टेंपोत चढला. थोरला साहेबांना फार वर्षं ओळखत होता. साहेबांसमोर काहीही करता येतं, हे त्याला अनुभवाने माहीत होतं.

फावड्याचा पहिला घाव टेंपोच्या काचेवर पडला. दुसरा काचेतून आत गेला. थोरल्याने धाकट्याला गळपट्टी धरून काचांवरून बाहेर ओढलं, जमिनीवर पाडलं आणि फावड्याच्या दांड्याने त्याच्या बरगड्या मोजल्या. एक बरगडी मोडल्याचा आवाज साहेबांना फाटकापर्यंत ऐकू आला. मामी टेंपोतून उतरून बाजूला बसली. तोंडातलं रक्त थुंकत धाकटा कसाबसा उठला आणि भिंतीच्या पलीकडे पळाला. थोरला हसला. पळणाऱ्या साडूइतकं समाधान दुसरं नाही.

धाकटा पळाला नव्हता. तो हत्यार शोधत होता. मागच्या अंगणात माणसाच्या हाताला बसेल अशी एकच लोखंडी वस्तू होती. ती त्याने कोयंड्यांतून सर्रकन ओढून काढली आणि परत आला.

थोरल्याने त्याला पाहिलं, पण सळई पाहिली नाही. ती त्याच्या जबड्यावर बसली. अर्धवट उघडा ठेवलेला ड्रॉवर दिसतो तसा जबडा एका बाजूला सरकून राहिला. धाकट्याने सळई पुन्हा उचलली आणि हात वर असतानाच थांबला, कारण भिंतीपलीकडचं भुंकणं बंद झालं होतं. इतकी वर्षं ते सतत चालू असायचं म्हणून कुणाला ऐकू येत नव्हतं. आता ते नाही, हे सगळ्यांना एकदम ऐकू आलं. थोरल्याचे डोळे सळईवर गेले. त्याला काहीतरी सांगायचं होतं, पण जबडा त्याच्या ताब्यात नव्हता.

तपासणीसाठी म्हणून कुत्रे आदल्या सकाळपासून उपाशी होते. खाल्लं नाही की घाण होत नाही, हा थोरल्याचा शोध.

ते भिंतीच्या दोन्ही बाजूंनी आले, न भुंकता, थोरल्यानेच शिकवलं होतं तसे. पहिल्याने धाकट्यावर उडी घेतली. त्याने सळई फिरवली आणि त्या कुत्र्याची कवटी टरबुजासारखी फुटली. तो पायापाशी पडून पाय झाडत राहिला आणि मागून आलेले दोघे जण आधी त्यालाच खायला लागले. चौथ्याने धाकट्याचा कान घेतला. कान सोडून उरलेला धाकटा टेंपोच्या टपावर चढला. मग बाकीचे सगळे शिक्षकांकडे वळले.

साहेबांना पळायचं होतं. पण वर्षानुवर्षांची सवय असते. जनावर दिसलं की हात कमरेला जातो. तो गेला. टेप खर्रकन बाहेर आला.

मामी उठली. रक्तातून, काचांतून, आपल्याच जातभाईंच्या मधून ती संथ चालत गेली, पिंजऱ्यात शिरली, बसली आणि पाय पुढे केला. साहेब तिच्या मागोमाग आत गेले, दार ओढलं आणि गजांतून हात बाहेर काढून कडी लावली. एक कुत्रा त्यांच्या हातावर येऊन आपटला, पण तोवर हात आत आला होता. सगळ्या आवारात एकच पिंजरा नियमाप्रमाणे होता आणि त्यात निरीक्षक बसले होते. नियम म्हणतो, मोठ्या कुत्र्याला उभं राहता आणि वळता आलं पाहिजे. मोठ्या कुत्र्याला येतं. निरीक्षकाला गुडघे कानाला लावावे लागतात.

गजांतून त्यांना सगळं दिसलं. एका कुत्र्याने थोरल्याची मांडी धरली होती आणि काठीच्या दिवशी डोकं हलवायला शिकला होता तसं हलवत होता. दुसरा पाठीवर होता. थोरला त्यांना अंगावर घेऊन रांगत पिंजऱ्यापर्यंत आला. त्याने एक हात कडीवर ठेवला. कडी सरकायला लागली.

आत दोघं होती, बाहेर थोरला, आणि थोरल्याला लटकलेले बाकीचे. दार उघडलं असतं तर सगळेच आत आले असते. साहेबांनी असा विचार केला, असं म्हणणं म्हणजे त्यांना उगीच मोठेपणा देणं आहे. त्यांच्या तोंडासमोर थोरल्याचा हात होता. ते त्याला चावले. अंगठ्याच्या मुळाशी, जीव खाऊन, दाताला हाड लागेपर्यंत. थोरला ओरडला, म्हणजे जबड्याशिवाय जितकं ओरडता येतं तितकं. हात सुटला. त्याने साहेबांकडे पाहिलं. आणि त्याच वेळी मामीने गजांतून आपला पाय त्याच्यापुढे केला.

यापुढे थोरला फार काळ टिकला नसता, पण त्याची बायको शिजवलेल्या खाण्याचं घमेलं घेऊन बाहेर आली. तपासणी संपेपर्यंत कुत्र्यांना काही घालायचं नाही असं नवऱ्याने बजावलं होतं. तिने तपासणी संपली असं धरलं आणि घमेलं अंगणाच्या पलीकडच्या टोकाला उपडं केलं. नवऱ्यापेक्षा कुत्र्यांना ते बरं वाटलं. यात तिच्या हाताची तारीफ किती आणि नवऱ्याची निंदा किती, हे तिने नंतर धाकट्या बहिणीला खाजगीत सांगितलं.

दवाखान्यात नर्सने साहेबांच्या तोंडावरचं रक्त पुसलं आणि फार सोसलंत हो, असं म्हणाली. ते रक्त त्यांचं नाही, हे तिला कळलं नाही आणि साहेबांनीही तिच्या ज्ञानात भर घातली नाही.

मागच्या पिंजऱ्यांतल्या कुत्र्यांचा निकाल त्याच दिवशी लागला. दोन आपसांतच मेले होते, एकाचा सळईने निकाल लावला होता, उरलेल्यांना पशुवैद्य बाईंनी सुया दिल्या. बाई तोवर धाकट्याकडे जाऊन आल्या होत्या. तिथे मामी नव्हती, त्यामुळे त्यांना जे खरं होतं तेच बघावं लागलं.

राहता राहिली मामी. थोरल्याच्या हाताला चावा होता. अंगावरचे इतर चावे ही घरगुती बाब. मालकाला स्वतःची जनावरं चावली तर नगरपालिका मधे पडत नाही. पण हाताचा चावा पिंजऱ्याच्या आतून झालेला होता, तपासणी चालू असताना, परवान्याच्या नमुना जनावराकडून. त्याला नियमात एकच शिक्षा होती. मात्र मामीला त्याच दिवशी मारता येईना, कारण तिच्याविषयी साहेबांच्या सहीचे शेरे होते: समाधानी, समाधानी, समाधानी. इतक्या समाधानी जनावराला मारायचं तर समितीचा ठराव लागतो. तोवर तिला नगरपालिकेच्या कोंडवाड्यात ठेवलं.

सभापतींनी साहेबांना खोलीत बोलावून चहा पाजला. ते म्हणाले, पिंजऱ्यात दोनच जीव होते, एक तुम्ही आणि एक ती. चावणारं कोण, हे शाळेतलं पोरही सांगेल. तुम्ही फक्त हो म्हणा. कुत्रा चावला तर दोष मालकाचा. आपल्याकडे दोष आला तर त्याला अंदाजपत्रकात तरतूद नाही. नंतर त्यांनी आपणहून साहेबांच्या निवृत्तीचा विषय काढला. ती आता जवळ आली होती. साहेबांनी चहा पिऊन घेतला.

थोरल्याने मात्र खरं सांगायचा बराच प्रयत्न केला. सभापती साहेबांना घेऊन त्याला भेटायला गेले तेव्हा तारांनी जखडलेल्या जबड्यामुळे बोलता येत नव्हतं, म्हणून त्याने आधी आपला हात दाखवला, मग दातांवर बोट ठेवलं, मग साहेबांकडे बोट केलं. त्याला मामीचं काही नव्हतं. निरीक्षक चावला असं ठरलं तर आपला परवाना वाचतो, एवढं त्याच्या लक्षात आलं होतं. सभापती साहेबांना म्हणाले, बघा, स्वतः असा पडलाय आणि तुम्ही जेवलात का विचारतोय.

साहेब कोंडवाड्यात गेले. टेप काढला नव्हता, तरी नुसती पावलं ऐकून मामी कोपऱ्यात जाऊन बसली आणि पाय पुढे केला. त्यांनी बिस्किट दिलं. कोंडवाडेवाला शेजारी उभा होता. इकडचं तिकडचं बोलताना त्याने सांगितलं की सुई पुढच्या पायात देतात; कुत्रं धरायला दोन माणसं लागतात, एक मानेला आणि एक पायाला, आणि तरी माणसाच्या हाताची चाळण होते. मग मामीकडे बघून तो म्हणाला, "हिचं काम सोपं आहे, साहेब. ही आपणच पाय देते."

रात्री जेवताना साहेबांनी बायकोला सगळं सांगितलं. ती ताटात भाजी वाढत होती, ती वाढतच राहिली.

"खरंच चावलात?"

"हो."

"माझ्या हातची भाकरी दातांनी तुटत नाही म्हणून आमटीत बुडवून खाता," ती म्हणाली. "आणि त्या रेड्याचा हात तुटला?"

साहेब म्हणाले, हा चेष्टेचा विषय नाही. ती म्हणाली, नाहीच. मग तिने ताट त्यांच्यापुढे सरकवलं.

"म्हणजे चावायचं तुम्ही आणि मरायचं तिने. बरं आहे. जेवा."

ते जेवले नाहीत.

समितीच्या बैठकीला सगळे आले. थोरल्याला चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. धाकटा खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कानाच्या जागी पट्टी, आणि शेजारी दोघी बहिणी एकमेकींना धरून. त्यांचं आपसांत कधीच वाकडं नव्हतं. सभापतींनी दुःख व्यक्त केलं, मीटरवाल्याच्या पोटरीचा गौरवाने उल्लेख केला आणि साहेबांना घडलेलं थोडक्यात सांगायला सांगितलं. रीतीप्रमाणे साहेब त्यांच्या खुर्चीच्या शेजारी उभे होते.

"मी चावलो," साहेब म्हणाले.

हे फारच थोडक्यात झालं. आधी कुणाला कळलं नाही. मग सगळे हसले, आणि सगळ्यांत मोठ्याने सभापती. थोरला हसला नाही. तो मान इतक्या जोराने हलवत होता की तारा वाजत होत्या. सभापती म्हणाले, साहेबांच्या मनावर परिणाम झालाय, साहजिक आहे, त्यांनी रजा घ्यावी. माणूस माणसाला लुबाडतो, बुडवतो, प्रसंगी भोसकतोसुद्धा, पण चावत नाही; आपल्या नियमांत तशी तरतूदच नाही.

पशुवैद्य बाई उठल्या. त्या म्हणाल्या, मी चावा बघितलाय, त्यात वरच्या बाजूला मधोमध दोन दातांची जागा कोरी आहे. आणि मी मामीचं तोंडही बघितलंय. तिचे दात झिजलेत, पण सगळे आहेत. साहेब, जरा तोंड उघडता का?

साहेबांनी उघडलं. समितीने त्या फटीकडे बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली, तशी ती फार दिवस सराव असल्यासारखी वळली. सभापती म्हणाले, जखम सुजते, सरकते, तिच्यावरून काही सिद्ध होत नाही. आम्ही शास्त्रात पडत नाही, आम्ही मतदान घेतो. कुत्रीला मारावं या ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत.

सगळे हात वर झाले. सर्वांत आधी सभापतींचा, गुबगुबीत, साहेबांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर.

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं. कोंडवाड्यात आणखी एक पाय पुढे होणार होता आणि कुणीतरी तो हातात घेणार होतं. साहेब वाकले आणि चावले.

या वेळी विचार करून चावले, त्यामुळे चावा जास्त खोल गेला. सभापती खुर्चीसकट मागे पडले, साहेबही त्यांच्याबरोबर गेले, पण हात सोडला नाही. दोन सभासदांनी पाय ओढले, एकाने पाण्याचा जग डोक्यात घातला. जग फुटला. साहेबांच्या कपाळावरून रक्ताची धार लागली, ती सभापतींच्या रक्तात मिसळली आणि दोन्ही मिळून खाली लोंबणाऱ्या हिरव्या टेबलक्लॉथवर गेली. धाकट्याला जुनी आठवण येऊन तो खुर्चीवर चढला. शेवटी शिपायाने साहेबांचं नाक दाबलं, तेव्हा श्वास घ्यायला तोंड उघडलं गेलं. बराच आरडाओरडा झाला. बाईंनी मात्र कुणाला काही न विचारता सभापतींचं मनगट धरलं, दुसऱ्या हाताने थोरल्याची खुर्ची जवळ ओढली आणि दोन्ही हात टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

इथे फट आणि तिथे फट. थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याचं खरं मानलं होतं.

ठराव मागे घेण्यात आला. साहेबांची नोकरी गेली, तिच्यामागून पेन्शनही गेली, आणि टेप जमा करून घेतला. थोरल्याचा आणि धाकट्याचा परवाना बाईंनी स्वतः रद्द करवला. भिंतीपलीकडे काय आहे हे त्यांनी समितीच्या सगळ्या सभासदांना तिथे नेऊन दाखवलं. थोरल्याने नगरपालिकेवर दावा लावला, तो अजून चालू आहे. मामी कुणाची, हा प्रश्न निघाला तेव्हा दोघे साडू एकदम म्हणाले, त्याची. मग साहेबांच्या बायकोने कोंडवाड्यात जाऊन तिला घरी आणलं.

एक बाब उरली होती. चावा घेतलेलं जनावर दहा दिवस बांधून ठेवावं आणि त्याचं रोज निरीक्षण करावं, असा नियम होता. सभापतींना नियम फार प्रिय, आणि त्यांचा हात गळ्यात होता. त्यांनी शिपायाला लावून दिलं. तो रोज सकाळी साहेबांच्या फाटकापाशी येऊन उभा राहायचा आणि त्यांच्या बायकोला विचारायचा, खातायत का, पाणी पितायत का, पाण्याला बिचकत नाहीत ना.

"खातो," साहेबांची बायको म्हणायची. "भाकरी अजून बुडवूनच."

शेवटच्या दिवशी तिने त्याला आत बोलावलं. तो पायरीपर्यंत आला. मामी सावकाश उठून आली आणि पाय पुढे केला. शिपायाने वाकून तो हातात घेतला, हलवला, शहाणी आहेस म्हणाला. मग कपाळाला पट्टी बांधलेले साहेब बाहेर आले. इतकी वर्षं बरोबर काम केलं होतं. त्यांनीही हात पुढे केला.

शिपायाने आपले दोन्ही हात पाठीमागे नेले.